एका निरोपाचा इतिहास

२०१० सालच्या पहिल्या दिवशी मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला, धाकट्या बहिणीकडे होते. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर जमलं होतं. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेचा 'द एन्ड ऑफ टाइम' हा भाग लागणार होता आणि डॉक्टरची भूमिका करणारे डेव्हिड टेनन्ट त्या भागात मालिकेचा निरोप घेणार होते. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपली शेंगा सोलत बसले होते. तासाभराने पडद्यावर एक उंच, सडपातळ माणूस एकटाच आपल्या यानात शिरला, त्याच्या हातातून आणि चेहऱ्यातून सोनेरी ज्वाळा उसळल्या आणि त्या विरल्या तेव्हा तिथे दुसराच तरुण उभा होता. माझी अकरा वर्षांची भाची उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती.

थोड्या वेळाने डोळे पुसून तिने मला विचारलं, "मावशी, तो मेला नाहीये. तोच आहे तो, फक्त चेहरा बदललाय. मग मला रडू का येतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. नाटकाची अभ्यासक म्हणवून घेते, नट आणि भूमिका यांच्या नात्यावर वर्गात तासन्‌तास बोलते, पण अकरा वर्षांच्या मुलीच्या साध्या प्रश्नापुढे गप्प बसले. त्यानंतर ही मालिका मी मुळापासून पाहत आणि तिच्याबद्दल वाचत गेले. नायकाचं काम करणारा लाडका नट निघून जातो आणि गोष्ट मात्र थांबत नाही, तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. या लेखात नटांना मी 'ते' म्हणणार आहे आणि डॉक्टरला 'तो'. ही सोय शेवटपर्यंत टिकेल की नाही, ते पुढे पाहू.

निळ्या पेटीतला प्रवासी

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही. तो काळातून आणि अवकाशातून भटकतो. त्याचं यान बाहेरून पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-पेटीसारखं दिसतं आणि आतून प्रचंड मोठं असतं. सोबतीला बहुधा एखादं पृथ्वीवरचं माणूस. संकट येतं, डॉक्टर शस्त्रापेक्षा बुद्धी वापरून ते निवारतो आणि पुढे जातो.

बीबीसीने या मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या गदारोळात भाग अनेकांच्या नजरेतून निसटला, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला. कल्पनेमागे होते बीबीसीच्या नाट्यविभागाचे कॅनडियन प्रमुख सिडनी न्यूमन. निर्माती होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट. त्या काळी त्या विभागात निर्मातीच्या खुर्चीत बसलेल्या त्या एकट्या बाई होत्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे, इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार अतिया हुसेन यांचे चिरंजीव. म्हणजे ज्या मालिकेला ब्रिटिश लोक आपल्या घरातली वस्तू समजतात, ती उभी केली ती एका कॅनडियन माणसाने, एका बाईने आणि एका हिंदुस्थानी तरुणाने. त्या काळच्या बीबीसीत हे तिघेही थोडे उपरेच.

पहिला डॉक्टर झाले विल्यम हार्टनेल. वय ५५. तोवर त्यांची ओळख होती ती चित्रपटांतल्या करड्या सार्जंटांच्या भूमिकांसाठी. डॉक्टरच्या भूमिकेने त्यांना एकदम मुलांचे आजोबा करून टाकलं आणि त्यांना ते मनापासून आवडलं.

विसरणारा नट

पण हार्टनेल आजारी होते. रक्तवाहिन्या कठीण होत जाण्याचा विकार बळावत होता आणि त्याचा परिणाम स्मरणशक्तीवर होत होता. संवाद विसरले जाऊ लागले. त्या काळी चित्रीकरण जवळजवळ नाटकाच्या प्रयोगासारखं सलग होई. टेप कापणं-जोडणं महाग असल्याने शब्द अडखळला तरी तो तसाच राही. त्यामुळे हार्टनेल यांचे अडखळलेले शब्द आजही त्या भागांत ऐकू येतात. काही जण त्यावर हसतात. मला हसू येत नाही.

त्याला कारण आहे. आमच्या गावी एक हौशी नाट्यमंडळ होतं आणि माझे मामा तिथे प्रॉम्प्टर होते. मी लहानपणी त्यांच्या शेजारी विंगेत बसत असे. मंडळाच्या एका ऐतिहासिक नाटकात राजाचं काम अण्णा म्हणून एक गृहस्थ वर्षानुवर्षं करत. साठी उलटल्यावर अण्णा वाक्यं विसरू लागले. मामा विंगेतून शब्द पुरवत. सुरुवातीला एखादा शब्द, मग अर्धं वाक्य, मग वाक्यच्या वाक्यं. एका वर्षी गणपतीत प्रयोगाचा बोर्ड लागला आणि त्यावर राजाच्या पुढे दुसऱ्याचं नाव होतं. अण्णांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते बोर्डावरूनच कळलं. प्रयोगाच्या दिवशी ते मेकअपच्या खोलीत आले, नव्या माणसाला शेला कसा बांधायचा ते दाखवलं आणि निघून गेले. मामा पुढे कितीतरी वर्षं म्हणत, "आपण त्यांना साधा नारळसुद्धा दिला नाही."

हार्टनेल यांना वगळायचं ठरलं तेव्हा बीबीसीपुढे हाच प्रश्न होता. फक्त प्रेक्षक लाखोंच्या घरात होते.

नट बदलण्याच्या वाटा

चालू गोष्टीतला नायक बदलण्याच्या दोन वाटा आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. एक नाटकाची. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं तेव्हा अप्पा बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. जाहिरातीतलं नाव बदललं, नाटकात काहीच घडलं नाही. भूमिका ही संहितेची असते आणि नट ती काही काळ वागवतो, हे नाटकाच्या प्रेक्षकाला मान्य असतं. उलट दोन अप्पांची तुलना करणं हा रसिकतेचा भाग असतो.

दुसरी वाट दूरदर्शन-मालिकांची. तिथे रोज घरात येणारा चेहरा हीच ती व्यक्ती. 'क्यों कि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर आधी अमर उपाध्याय होते, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. अपघात आणि प्लास्टिक सर्जरी हा तर अशा वेळचा आपल्याकडचा सरधोपट उपाय. चेहरा बदलला हे घरातल्या कुणाच्याही लक्षात येऊ नये अशी धडपड असते आणि प्रेक्षकही चार दिवस कुरकुर करून ते विसरायला तयार होतात.

दोन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. जाणारा नट गोष्टीच्या आत निरोप घेत नाही. तो नुसता नाहीसा होतो. आमचे अण्णा नाहीसे झाले तसा.

१९६६ साली 'डॉक्टर हू'च्या मंडळींनी तिसरी वाट काढली. डॉक्टर परग्रहावरचा आहे ना? मग त्याचं शरीर जीर्ण झालं की ते नवं होतं असं दाखवू. म्हणजे नट बदलतो आहे हे लपवायचं नाही. ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडवायचं आणि तीच एक घटना करायची.

'द टेन्थ प्लॅनेट' या कथेचा चौथा आणि शेवटचा भाग २९ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रसारित झाला. आधीच्या आठवड्याच्या भागात हार्टनेल आजारपणामुळे नव्हतेच, त्यांचे संवाद इतरांत वाटून दिले होते. शेवटच्या भागात म्हातारा डॉक्टर यानाच्या जमिनीवर कोसळतो, पडदा प्रखर पांढरा होतो आणि हार्टनेल यांच्या चेहऱ्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा येतो. काही सेकंदांचा खेळ. निरोपाचं भाषण नाही, आठवणी नाहीत.

या भागाची प्रत आज बीबीसीकडे नाही. टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात आणि परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रती काम संपलं की नष्ट केल्या जात. त्यात त्या काळचे बरेच भाग गेले. चेहरा बदलण्याचे ते क्षण मात्र वाचले, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाने १९७३ साली ते आपल्या एका भागात दाखवले होते. पहिला निरोप उरला तो असा, दुसऱ्याच्या घरी राहून गेलेल्या वस्तूसारखा.

कायापालट

या घटनेला इंग्रजीत नाव मिळालं ते आठ वर्षांनी. १९७४ सालच्या 'प्लॅनेट ऑफ द स्पायडर्स' या कथेत, तिसरे डॉक्टर जॉन पर्टवी यांच्या निरोपाच्या वेळी, 'रिजनरेशन' हा शब्द पहिल्यांदा वापरला गेला. मराठीत त्यासाठी 'कायापालट' हा तयार शब्द आहे. आपण तो गावाचा, रस्त्याचा, खात्याचा कायापालट अशा सरकारी वाक्यांत झिजवून टाकला आहे, पण इथे तो त्याच्या मूळ अर्थाने बसतो. काया पालटते, आतला तोच राहतो. परकायाप्रवेश म्हणजे याच्या उलट. तिथे काया दुसऱ्याची असते आणि शिरणारा वेगळा.

मराठी वाचकाला इथे गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त आठवल्याशिवाय राहणार नाही. मलाही तो आठवला आणि योगायोग असा की १९७४ची ती कथा त्याच्या बरीच जवळ जाते. मालिकेचे तेव्हाचे निर्माते आणि त्या कथेचे दिग्दर्शक बॅरी लेट्स यांना बौद्ध विचाराची ओढ होती. कथेत एक ध्यानकेंद्र आहे, तिबेटी भिक्षू आहे. जुना माणूस मरायला हवा, आणि तो मुळात कधी नव्हताच हे नव्या माणसाला कळेल, अशा अर्थाचं एक बोलणं त्यात येतं. डॉक्टर आपल्या ज्ञानाच्या हावेपायी अडकलेला असतो. ती हाव आणि ती भीती यांना सामोरा जाऊन तो मरण पत्करतो. म्हणजे कायापालट हा इथे अहंकाराचा त्याग आहे. मरताना डॉक्टर तक्रार करत नाही, उलट रडणाऱ्या मैत्रिणीचीच समजूत घालतो.

पण वस्त्राच्या दृष्टान्तात एक गोष्ट आपण कधी विचारत नाही. वस्त्राला काय वाटतं? देही पुढे जातो, त्याला शोक करण्याचं कारण नाही, हे मान्य. टाकून दिलेल्या वस्त्राचं काय? मालिकेपुरतं बोलायचं तर देही म्हणजे डॉक्टर आणि वस्त्र म्हणजे नट. १९६६ पासून पुढची चाळीसेक वर्षं या मालिकेने देहीची गोष्ट सांगितली. वस्त्राला बोलू दिलं ते २०१० साली, टेनन्ट यांच्या निरोपात.

विधी कसा घडत गेला

तोवर निरोपाचा विधी हळूहळू आकाराला येत होता. सात वर्षं डॉक्टर राहिलेले, सगळ्यांत लोकप्रिय ठरलेले टॉम बेकर १९८१ साली गेले तेव्हा कोसळलेल्या डॉक्टरच्या डोळ्यांपुढून शत्रू आणि सोबती सरकत गेले. १९८४ साली पीटर डेव्हिसन यांच्या वेळीही सोबत्यांचे चेहरे त्याच्याभोवती फेर धरून आले. प्रेक्षकांना कळू लागलं की हा क्षण येणार, तो असा येणार आणि त्या वेळी जवळ रुमाल ठेवावा.

विधी मोडला की काय होतं, तेही दिसलं. सहावे डॉक्टर कॉलिन बेकर यांना १९८६ साली काढून टाकण्यात आलं. केवळ मरण्याच्या दृश्यासाठी परत यायला त्यांनी नकार दिला. मग १९८७ साली पुढचे डॉक्टर सिल्व्हेस्टर मकॉय यांनाच सोनेरी केसांचा टोप घालून पालथं झोपवलं आणि उताणं करताना चेहरा बदलून घेतला. त्या दृश्याची थट्टा आजवर चालू आहे. २००५ साली, सोळा वर्षांच्या खंडानंतर मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा वेगळाच घोळ झाला. पहिला भाग दाखवून चार दिवस होतात न होतात तोच नवे डॉक्टर क्रिस्टोफर एक्लस्टन मालिका सोडत असल्याची बातमी फुटली. त्यांच्या तोंडी घातलेलं एक निवेदनही निघालं आणि ते त्यांना न विचारता काढल्याची कबुली नंतर द्यावी लागली. प्रेक्षकांनी उरलेले भाग पाहिले ते निरोपाच्या सावलीतच.

जाण्याची इच्छा नसलेला डॉक्टर

त्यांच्या जागी आले डेव्हिड टेनन्ट. स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचा हा मुलगा. नट व्हायचं हे त्यांनी तीन-चार वर्षांच्या वयात 'डॉक्टर हू' पाहूनच ठरवलं होतं, असं ते सांगत आले आहेत. म्हणजे हा नट त्या भूमिकेचा आधी भक्त होता. घरगुती नातंसुद्धा पुढे तिथेच जुळलं. मालिकेत डॉक्टरच्या मुलीचं काम करणाऱ्या जॉर्जिया मॉफेट यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या पीटर डेव्हिसन यांच्या, म्हणजे पाचव्या डॉक्टरच्या, कन्या.

निरोपाची घोषणा त्यांनी केली २९ ऑक्टोबर २००८ रोजी. हार्टनेल गेले त्याला त्या दिवशी बरोबर ४२ वर्षं झाली होती. टेनन्ट तेव्हा स्ट्रॅटफर्डला रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या 'हॅम्लेट'मध्ये काम करत होते. दूरदर्शनचा एक पुरस्कार त्यांना मिळाला. तो त्यांनी नाटकाच्या मध्यंतरात, थेट प्रक्षेपणातून स्वीकारला आणि त्याच वेळी आपण जात असल्याचं सांगितलं. मध्यंतर संपल्यावर पुन्हा हॅम्लेट होऊन रंगमंचावर गेले. ज्या भूमिकेतून शेकडो नट येऊन गेले, त्या भूमिकेच्या पोशाखात उभं राहून त्यांनी स्वतःचं वाटणाऱ्या भूमिकेचा निरोप जाहीर केला.

पुढचं सव्वा वर्ष ब्रिटनमधल्या मुलांनी वाट पाहण्यात काढलं. त्या काळातल्या 'द वॉटर्स ऑफ मार्स' या भागात डॉक्टर पहिल्यांदा हट्टाला पेटतो, काळाचे नियम मोडू पाहतो आणि त्याचं फळ भोगतो. तो भाग बॅरी लेट्स यांच्या स्मृतीला अर्पण केलेला होता. ते नुकतेच, ऑक्टोबर २००९ मध्ये, वारले होते. अहंकाराचा त्याग म्हणून कायापालट दाखवणाऱ्या माणसाचं नाव अशा भागाला जोडलं गेलं, जिथून डॉक्टरचा अहंकार वाढत जातो.

'द एन्ड ऑफ टाइम'चा पहिला भाग २००९च्या नाताळात आला. त्यात एका साध्या चहाच्या दुकानात डॉक्टर विल्फ्रेड नावाच्या म्हाताऱ्यासमोर बसतो. मरण जवळ आल्याचं भाकीत त्याला कळलेलं असतं. विल्फ्रेड म्हणतो, पण तू बदलतोस ना? डॉक्टरचं उत्तर असं, की बदललो तरी मला ते मरणच वाटतं. मी जे जे आहे ते संपतं, कुणी एक नवा माणूस उठून चालू लागतो आणि मी मेलेला असतो. माझ्या मते इथे वस्त्र बोलायला लागलं.

दुसऱ्या भागात जगाचा निकाल लागतो, मोठमोठे शत्रू हरतात आणि डॉक्टर जिवंत राहतो. त्याला वाटतं, वाचलो. आणि तेवढ्यात काचेवर चार टकटक ऐकू येतात. विल्फ्रेड एका काचेच्या खोलीत अडकलेला असतो. तिथे प्राणघातक किरणोत्सर्ग उसळणार असतो आणि त्याला बाहेर काढायचं तर दुसऱ्या कुणीतरी शेजारच्या खोलीत जाऊन तो अंगावर घ्यायला हवा. विल्फ्रेड म्हणतो, मला राहू दे, माझं जगून झालंय. त्यावर डॉक्टर चिडतो. वस्तू भिरकावतो, अजून केवढं काही करता आलं असतं म्हणून ओरडतो. हे अन्यायाचं आहे म्हणतो. आणि मग शांत होऊन दार उघडतो आणि आत जातो. विश्व वाचवण्यासाठी नाही, एका सामान्य म्हाताऱ्यासाठी.

हा विल्फ्रेड कथेत आला कसा, हे कळलं तेव्हा मी थबकले. मालिकेतल्या डॉना या सोबतिणीच्या वडिलांचं काम हॉवर्ड अॅटफील्ड करत होते. २००७ साली चित्रीकरण चालू असतानाच ते वारले. मग आधीच्या नाताळ-भागात वर्तमानपत्रं विकणाऱ्या म्हाताऱ्याचं छोटं काम केलेल्या बर्नार्ड क्रिबिन्स यांना डॉनाचे आजोबा करण्यात आलं. म्हणजे ज्या म्हाताऱ्यासाठी डॉक्टर मरतो, तो गोष्टीत आला तोच एका नटाच्या मृत्यूमुळे. लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस हे विसरले नव्हते. शेवटी डॉनाच्या लग्नात डॉक्टर लॉटरीचं तिकीट भेट देतो आणि सांगतो, की ते विकत घ्यायला लागलेला पाउंड तिच्या दिवंगत वडिलांकडून, काळात मागे जाऊन, उसना घेतला आहे.

कारण किरणोत्सर्ग अंगावर घेतल्यावर हा डॉक्टर लगेच बदलत नाही. तो काही काळ थोपवून धरतो आणि सगळ्या जुन्या सोबत्यांना लांबून पाहून येतो. कुणाचा जीव वाचवतो, कुणाला नुसता हात करतो. एका पुस्तकाच्या दुकानात एका बाईकडून पुस्तकावर सही घेतो. तिचं नाव व्हेरिटी न्यूमन, म्हणजे व्हेरिटी लॅम्बर्ट आणि सिडनी न्यूमन. शेवटी तो २००५ सालच्या नववर्षाच्या रात्री रोझला भेटतो. त्याला अजून ओळखतही नसलेल्या रोझला सांगतो की हे वर्ष तुला फार छान जाणार आहे. मग बर्फातून धडपडत यानाकडे जातो.

यानात तो एकटा आहे. हात चमकू लागतात. तो समोर बघतो आणि हलक्या आवाजात म्हणतो की मला जायचं नाही.

इथे माझी 'ते' आणि 'तो'ची सोय मोडते. हे कोण म्हणतं? डॉक्टर म्हणतो, कारण त्याला मरायचं नाही. टेनन्ट म्हणतात, कारण तीन वर्षांच्या वयापासून हवी असलेली भूमिका ते सोडत आहेत. डेव्हिस म्हणतात, कारण तेव्हा तेही मालिका सोडत होते. आणि ब्रिटनमधल्या त्या रात्रीच्या सुमारे १ कोटी २० लाख प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांच्या मनात तेच असणार. माझ्या भाचीला रडू आलं ते या वाक्याला.

आक्षेप आणि उत्तरं

या निरोपावर आक्षेपही घेतले गेले आणि ते पोकळ नाहीत. निरोप फार लांबला. डॉक्टरने स्वतःची कीव केली. मुख्य म्हणजे नव्या माणसावर अन्याय झाला. आधीचा 'जायचं नाही' म्हणत गेला की येणारा बिचारा घुसखोर वाटतो. मॅट स्मिथ यांना पहिल्या दिवसापासून हे ओझं घेऊन उभं राहावं लागलं. अण्णांच्या जागी आलेल्या त्या माणसाचा विचार केला की मला हा आक्षेप पटतो. त्याचा तरी काय दोष होता?

स्वतः मालिकेनेच पुढे याला उत्तरं दिली. २०१३च्या नाताळात स्मिथ गेले ते अगदी वेगळ्या सुरात. आपण सगळेच आयुष्यभर वेगवेगळी माणसं होत जातो आणि त्यात वाईट काही नाही, फक्त आधी जे होतो ते विसरू नये, अशा आशयाचं बोलून त्यांचा डॉक्टर गळ्यातला बो-टाय सोडून खाली टाकतो. वस्त्र स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवावं तसा तो निरोप होता. २०१७ साली पीटर कपाल्डी यांच्या निरोपात तर बदलायला नकार देणाऱ्या डॉक्टरची गाठ पहिल्या डॉक्टरशी पडते आणि तोही बदलायला घाबरलेला असतो. हार्टनेल यांची ती भूमिका डेव्हिड ब्रॅडली यांनी केली. १९६६ साली ज्याला चार शब्द बोलायला वेळ मिळाला नव्हता, त्याची भीती ५१ वर्षांनी मालिकेने त्याच्या तोंडून बोलून दाखवली. मला हा सगळ्यांत उशिरा दिलेला नारळ वाटतो.

आणि मग २०२३. टेनन्ट परत आले. मालिकेच्या साठाव्या वर्षी त्यांचा डॉक्टर पुन्हा मरणार अशी वेळ आली, पण या वेळी कायापालट झाला नाही, दुभाजन झालं. एका शरीरातून दोन डॉक्टर निघाले. नवे डॉक्टर एन्कुटी गटवा प्रवासाला गेले आणि टेनन्ट यांचा डॉक्टर डॉनाच्या घरच्यांबरोबर बागेत जेवायला बसला. ज्याला जायचं नव्हतं, त्याला राहायला मिळालं.

भाची आता नोकरी करते. तो भाग पाहून तिने मला फोन केला. "मावशी, तो राहिला!"

मी विचारलं, "मग आनंद झाला?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "झाला ना. पण तेव्हा एवढी रडले होते, ते उगीच होतं की काय, असंही वाटलं."

तिचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. निरोपाला किंमत येते ती परतीची वाट बंद असते म्हणून. ती उघडी आहे असं एकदा कळलं की पुढच्या निरोपाला रुमाल कोण काढणार? २०२५च्या मे महिन्यात गटवा दोनच पर्वांनंतर गेले आणि त्यांच्या जागी चक्क बिली पायपर, म्हणजे पूर्वी रोझचं काम करणाऱ्या नटी, उभ्या राहिल्या. प्रेक्षकांत त्या रात्री रडण्यापेक्षा तर्कवितर्क जास्त झाले असावेत, असं मला वाटतं.

भाचीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं आणि मी ते तिला त्या फोनवरच दिलं. तू डॉक्टरसाठी रडत नव्हतीस, कारण तो मरत नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. तू त्या चेहऱ्यासाठी, त्या आवाजासाठी, त्या धावण्याच्या लकबीसाठी रडत होतीस. म्हणजे वस्त्रासाठी. गीता देहीबद्दल बोलते आणि ती खरंच सांगते. पण आपण प्रेम करतो ते वस्त्रावर, कारण आपल्याला दिसतं ते तेवढंच.

हार्टनेल १९७२च्या अखेरीस 'द थ्री डॉक्टर्स' या कथेसाठी एकदा परत आले होते. प्रकृती इतकी ढासळली होती की त्यांना बसवून, समोर फलकांवर संवाद लिहून त्यांची दृश्यं घ्यावी लागली. १९७५च्या एप्रिलमध्ये ते गेले. ते फलक धरणारं जे कुणी होतं, त्याचा मी मामांच्या जागी विचार करते. मामा आज नाहीत, अण्णा तर कधीच गेले. पण आमच्या गावचं मंडळ अजून आहे, ते नाटकही अजून होतं. गेल्या वर्षी मी मुद्दाम पाहायला गेले. राजाचं काम करणारा मुलगा पंचविशीचा होता. त्याचा शेला अण्णांच्याच पद्धतीने बांधलेला होता. ती पद्धत कुणाची, हे त्याला माहीत नव्हतं. प्रयोगानंतर मी त्याला ते सांगितलं.